गर्दीचा आवाज बंद केल्यावर

लोकांच्या कामात खोड काढण्याचा मला पगार मिळतो. इंदिरानगरच्या एका ऑफिसात आम्ही परदेशी कंपन्यांचे व्हिडिओ गेम तपासतो. कुठे खेळाडूचा पाय जमिनीत रुततो, कुठे बटण दाबूनही काही होत नाही, कुठे प्रेक्षकांत एकच चेहरा ओळीने बसलेला दिसतो, हे शोधायचं आणि नीट लिहून पाठवायचं. स्वभावाला साजेसं काम मिळालं, असं आई म्हणायची. तिच्या फोडणीतली मोहरी कच्ची राहिली तरी मी बोलून दाखवायचे, त्यामुळे तिला तसं म्हणायचा अधिकार होता.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे बेसबॉलचा एक गेम आला. बाजारात येऊन गेलेला होता, पण पुढची आवृत्ती काढायच्या आधी कंपनीला बाहेरच्या माणसांचं मत हवं होतं. काय जमलंय, काय फसलंय, ते सांगा. आमच्या टीममध्ये बेसबॉल कुणालाच येत नव्हता. सगळे क्रिकेटवर वाढलेले. जो तो चेंडू मागे वळवायला बघायचा, आणि या खेळात मागे गेलेला चेंडू फुकट. एक जण तर चेंडू मारला की जागेवरच उभा राहायचा. धाव आहे की नाही याचा अंदाज घेत. बेसबॉलमध्ये चेंडू मैदानात पडला की पळावंच लागतं, अंदाज घ्यायची सोय नाही. पण ह्याने ‘खेळाडू आपण न सांगता पळतो’ अशी तक्रार लिहून टाकली होती. ती अमेरिकेला पोचायच्या आत मी काढली, नाहीतर आमचं हसं झालं असतं.

आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करते. घर राजाजीनगरला. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. मी थोरली म्हणून ते मला अक्का म्हणतात. आमचं घराणं या मुलखात इतक्या पिढ्यांपासून आहे की आमच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं ते आम्हालाही सांगता येत नाही. अण्णा कारखान्यातून निवृत्त झाले, पण त्यांची खरी नोकरी रविवारची. मी शाळेत होते तेव्हापासून ते क्रिकेटचे अंपायर. पांढरा कोट, पांढरी टोपी, आणि षटकातले चेंडू मोजायला डाव्या खिशात सहा चिंचोके. एक चेंडू पडला की एक चिंचोका उजव्या खिशात.

दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर मी बेसबॉल लावला तेव्हा पहिले काही दिवस अण्णांनी नाकच मुरडलं. चेंडूला टप्पा नाही तर खेळ कसला, म्हणाले. मग एकदा चहाचा कप घेऊन माझ्यामागून जाता जाता थांबले.

“तो मागे वाकून उभाय, तो कोण?”

“अंपायर.”

“मागे? कीपरच्या मागे?” ते लगेच बसले. “आणि तो काय बघतो?”

मी समजावलं. समोरून पिचर चेंडू फेकतो. बॅट्समनच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत एक चौकट धरायची. चेंडू चौकटीतून गेला आणि त्याने बॅट फिरवली नाही तर ‘स्ट्राइक’. चौकटीबाहेरून गेला तर ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाले की बॅट्समन बाद. गेममध्ये ती चौकट पडद्यावर दाखवता येते किंवा लपवताही येते. अंपायरने निर्णय दिला की मग चेंडू नेमका कुठून गेला तिथे एक ठिपका उमटतो.

“चौकट लपव,” अण्णा म्हणाले. “मैदानावर कोण चौकट काढून ठेवतं?”

तेव्हापासून आमचा नेमच झाला. मी बॅट न फिरवता चेंडू जाऊ द्यायचे, आणि पडद्यावरच्या अंपायरच्या आधी अण्णा निर्णय द्यायचे. “बॉल.” “स्ट्राइक.” “बॉल.” मग ठिपका उमटायचा, आणि अण्णा बरोबर असायचे. दहातले नऊ वेळा तरी बरोबर. मला स्वतःला इतकं जमत नव्हतं. चेंडू शेवटच्या क्षणी असा खाली बुडतो की मी साध्यासाध्या चेंडूंना फसायचे. अण्णा मात्र खुर्चीत मान जराशी खिडकीकडे वळवून, पडद्याकडे सरळ न बघता, सहज सांगायचे. मला वाटायचं, हा त्यांचा रुबाब आहे.

चुकलेच तर बॅट्समनच्या बाजूने चुकायचे. मी टोकलं की एकच उत्तर. “शंकेचा फायदा बॅट्समनला.”

“अण्णा, या खेळात शंकेचा फायदा कुणालाच नाही. प्रत्येक चेंडूवर काहीतरी एक सांगावंच लागतं.”

“मग या खेळात माणुसकी नाही. लिही तुझ्या रिपोर्टात.”

मी ते लिहिलं नाही, पण ऑफिसात सांगून सगळ्यांना हसवलं. खरं तर मी सुखावले होते. आई गेल्यावर अण्णा घरात पाहुण्यासारखे वावरायला लागले होते. स्कूटर विकली, ट्रॅफिक फार झाला म्हणाले. पेपर बंद केला, बातम्या टीव्हीवर ऐकू म्हणाले. एकेक गोष्ट सुटत चालली होती आणि प्रत्येकीला त्यांच्याकडे बरं कारण होतं. उरले होते फक्त रविवारचे सामने. आमच्या समाजातल्या मुलांची हिवाळ्यात स्पर्धा असते, के. आर. पुरमच्या पलीकडे मैदान भाड्याने घेऊन. त्या वर्षी अंतिम सामन्याला अण्णाच उभे राहणार होते. कमिटीतल्या कुणीतरी आता आराम करा म्हणून सुचवलं होतं, तेव्हा त्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. बॅट्समन मंडळींचे तर ते लाडके. अण्णा उभे असले की पायचीत होत नाही, असं पोरं प्रेमाने म्हणायची.

गेम तसा चांगला होता, हेही सांगायला हवं. पिचरच्या बोटांची पकड बदलली की चेंडूची वळणं बदलत, आणि प्रत्येक वळणाला आपला एक स्वभाव होता. बॅटला चेंडू नीट लागला की हातातलं यंत्र असं थरथरायचं की खांद्यापर्यंत कळायचं. सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो वाट बघायला लावायचा. उठसूट बॅट फिरवणाऱ्याला तो हरवायचा. फसलेलंही पुष्कळ होतं. चेंडू उंच उडाला की कॅमेरा गर्रकन फिरायचा आणि आपला झेल घेणारा कुठे उभा आहे तेच कळायचं नाही. समालोचक तीच चार वाक्यं आलटून पालटून बोलायचे. पळणाऱ्याला थांबवायचं बटण आणि पुढे पिटाळायचं बटण इतकी जवळ होती की ती ज्याने ठेवली त्याला मी एकदा बसवून खेळायला लावणार होते.

आणि मग अंतिम सामन्याच्या आधीच्या शुक्रवारी मला एक खोट सापडली.

मी घरीच होते. अण्णा खुर्चीत बसून निर्णय देत होते. खेळाचा एक तुकडा मी रेकॉर्ड करून सावकाश पुढे-मागे करून बघत होते, आणि लक्षात आलं की प्रेक्षक फार घाई करतायत. यजमान संघाचा पिचर असेल आणि स्ट्राइक पडला तर गर्दी ओरडते, बॉल पडला तर हळहळते. ते ठीकच. पण हा आवाज अंपायरने निर्णय द्यायच्या आधीच येत होता. फार नाही, अर्ध्या श्वासाइतका आधी. म्हणजे स्टँडमध्ये पॉपकॉर्न खात बसलेल्या माणसाला अंपायरच्या आधी निकाल माहीत. मला आनंद झाला. अशी खोट महिन्यातून एखादीच सापडते. ती लिहून पाठवण्याआधी खात्री करायची म्हणून मी सोपी युक्ती केली. डोळे मिटले, चेंडू येऊ दिले, आणि नुसत्या गर्दीच्या आवाजावर सांगत गेले. स्ट्राइक. बॉल. बॉल. स्ट्राइक. मध्येमध्ये डोळा किलकिला करून ठिपका बघत होते. जवळजवळ सगळे बरोबर. चुकले ते गर्दी पुटपुटल्यासारखी वाटली तेवढेच.

“बघा अण्णा,” मी हसत म्हटलं, “हा गेम आंधळ्यालासुद्धा खेळता येईल!”

अण्णा हसले नाहीत. मी डोळे उघडून त्यांच्याकडे वळले. ते मान खिडकीकडे वळवून बसले होते, आणि पुढचा चेंडू कॅचरच्या, म्हणजे आमच्या भाषेत कीपरच्या, हातात गेला, गर्दी ओरडली, आणि ते म्हणाले, “स्ट्राइक.”

वडील गर्दीच्या आवाजावर निर्णय देतात, असं मनात आलं आणि मी ते झटकून टाकलं. ते दिवसभर परत परत येत राहिलं. पेपर का बंद केला? स्कूटर का विकली? दोन महिन्यांपूर्वी कोथिंबीर आणायला पाठवलं तर पुदिना घेऊन आले होते. दुकानदार म्हातारा झालाय म्हणून त्यालाच मी नावं ठेवली होती. आणि रविवार परवावर आला होता. तिथे चेंडू खरा, चामड्याचा. आजकालची पोरं समोरून असा फटका मारतात की बोलरला हात काढायला वेळ मिळत नाही, आणि बोलरच्या बरोबर मागे कोण उभं असतं ते मला माहीत होतं.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मी गेम लावला. मेनूत जाऊन फक्त गर्दीचा आवाज बंद केला. कॅचरच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज तसाच ठेवला, समालोचकही तसेच.

“आज प्रेक्षक आले नाहीत काय?” अण्णांनी विचारलं.

“तपासायचं आहे काहीतरी. तुम्ही सांगा.”

पहिला चेंडू. अण्णा थांबले. “बॉल,” म्हणाले. ठिपका चौकटीच्या मध्यावर उमटला.

“बॉल.” पुन्हा मध्यावर. हा तर इतका संथ होता की आमच्या मोलकरणीच्या पोरीनेही सांगितला असता.

“बॉल.”

“बॉल.”

प्रत्येक चेंडू बॉल. चौकटीतला, बाहेरचा, गुडघ्यावरचा, जमिनीवर आपटलेला, सगळे बॉल. मी यंत्र मांडीवर धरून बसले होते. शंकेचा फायदा बॅट्समनला. मला एकदम मैदान दिसलं. पॅडवर चेंडू आदळतोय, अकरा जण ओरडतायत, आणि अण्णा मान हलवतायत. नाबाद. संपूर्ण मोसम नाबाद. त्यांना दिसत नव्हतं म्हणून ते नाबाद देत होते, आणि आम्ही सगळे त्याला तत्त्व म्हणत होतो.

“अण्णा, हे सगळे स्ट्राइक होते.”

ते म्हणाले, “आवाज लाव.”

“आवाजाचं काय काम आहे? तुम्ही बघून सांगता ना?”

“आवाज लाव म्हणतो ना मी!”

अण्णा माझ्यावर आयुष्यात फार कमी वेळा ओरडले असतील. मला रडू यायला हवं होतं, पण मला आला राग. सगळ्या गोष्टींचा राग. “उद्या तुम्ही जायचं नाही,” मी म्हटलं. “मी कमिटीला फोन करते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. तिकडे चेंडू तोंडावर आला तर?”

“तुझ्या गेममध्ये खोट आहे, अक्का. माझ्या डोळ्यात नाही.” ते खुर्चीच्या हाताला धरून उठले. “खोड काढायला घरात माणूस उरलं नाही म्हणून माझ्यामागे लागलीस काय? फोन केलास तर बघ. माझी शपथ आहे तुला.”

आणि आत गेले. दारात चौकटीला त्यांचा खांदा लागला. तो आधीही लागायचा का, हे मला काही केल्या आठवेना.

मी फोन केला नाही. शपथेला मी भीत नाही, पण त्यांच्या आवाजात एक विनवणी होती, आणि तिला मी भ्याले. रविवारी सकाळी उठले तर ते आंघोळ करून, इस्त्रीचा कोट हातावर घेऊन तयार. मीही चपला घातल्या. “तू कशाला?” त्यांनी विचारलं. “मॅच बघायला,” मी म्हटलं. राजाजीनगरहून के. आर. पुरमपर्यंत भाड्याची गाडी केली. ड्रायव्हरनेच एकदा विचारलं, “क्रिकेटा, सार?” अण्णांनी “हौदु,” म्हणून होकार दिला. मी गाडीत दहा वाक्यं जुळवली आणि दहाही गिळली.

मैदानावर पोरं पाया पडायला आली. अण्णांनी प्रत्येकाला आवाजावरून ओळखलं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी सीमारेषेशी, त्यांच्या पाठीमागे सरळ रेषेत जाऊन उभी राहिले. तिथून मला त्यांना दिसायला हवं होतं तेच दिसत होतं. पहिली दोन षटकं नीट गेली. त्यांचा हात खिशातून खिशात जात होता. तिसऱ्या षटकात बॅट्समन एक पाऊल पुढे आला आणि त्याने चेंडू सरळ ठोकला. मला तो बॅटवरून सुटलेला दिसला. बोलर बाजूला झाला. अण्णा हलले नाहीत.

“अण्णा, खाली!”

मी इतक्या जोरात ओरडले की माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. ते मटकन खाली बसले. चेंडू त्यांच्या टोपीवरून गेला आणि माझ्या अंगावर आला, मी तो चुकवला, मागच्या कुंपणाला तो असा आदळला की जाळी वाजली. पोरं हसत होती. “अंपायरला कोच आणलाय!” कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. अण्णा उठले, कोट झटकला, आणि बोलरला खूण केली, चालू दे.

पुढचा चेंडू बॅट्समनच्या पॅडवर बसला. खाली, मधोमध. माझ्यासारखीलाही कळलं की बाद आहे. सगळे ओरडले, बोलर हात पसरून वळला. अण्णा उभे होते. मी मनात म्हणत होते, द्या नाबाद, द्या आणि संपवा. पण त्यांनी मानही हलवली नाही आणि बोटही वर केलं नाही. ते बोलरजवळ गेले आणि काहीतरी बोलले. त्या पोराचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. त्यांनी काय विचारलं ते त्याने मला नंतर सांगितलं. “कुठं लागला रे?”

बॅट्समन स्वतःच बॅट काखेत मारून चालायला लागला. अण्णांनी बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या अंपायरला हाक मारली, खिशातले चिंचोके काढून त्याच्या हातात दिले, त्याच्या खांद्यावर थोपटलं. मग टोपी काढली आणि सीमारेषेकडे निघाले. कुणी अडवलं नाही. कुणी हसलंही नाही. ते मघाशी माझा आवाज जिथून आला होता तिकडे चालत होते, सावकाश, पाऊल चाचपत. मी तोंडावर पदर धरून रडत होते. मला थांबवता येत नव्हतं आणि थांबवायचंही नव्हतं. त्यांना इथवर यायला मी भाग पाडलं की या मैदानाने, की त्यांनी स्वतःच, ते मला ठरवता येईना. जिवंत परत येतायत, एवढंच मोठं वाटत होतं.

ते माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबले. लख्ख ऊन होतं.

“अक्का?” ते म्हणाले. “कुठं आहेस ग?”

मी त्यांच्या बरोबर समोर उभी होते.

“इथंच आहे, अण्णा. समोर.”

“समोरचं दिसत नाही ग.” हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, घरातलं तेल संपलं सांगावं तसं. “मधलं सगळं पुसलंय. कडेचं दिसतं, स्वल्प.”

मी एक पाऊल बाजूला सरकले. मग आणखी एक. त्यांनी मान जराशी वळवली.

“हां. आता दिसलीस,” अण्णा म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. “अय्यो, रडतेस काय ग?”